कातडी धरली का मॅडम?

प्लास्टिक सर्जन आहे असं कळलं की लग्नाकार्यात बायका हमखास नाक, सुरकुत्या नाहीतर पोटाची चरबी यावर येतात, आणि मी पण आता हसून सोडून देते. जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्याचं खरं काम वेगळंच असतं. बाईकवरून पडून नडगीचं हाड उघडं पडलेली पोरं, उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेले, गुटख्याने कॅन्सर होऊन गालच काढावा लागलेले, शुगरमुळे टाच सडलेले. थोडक्यात कुठेतरी खड्डा पडलाय आणि तो त्याच माणसाच्या अंगावरची दुसरी जागा आणून बुजवायचाय. मग ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून दारात एकच प्रश्न उभा, "कातडी धरली का मॅडम?" आणि त्याच्या मागोमाग, "लवकर धरायला एखादं भारी इंजेक्शन असेल तर द्या, पैशाचं आम्ही बघतो."

असं इंजेक्शन नाही हो. म्हणजे रक्त पातळ राहायला काही देतो, अँटिबायोटिक देतो, सगळं देतो, पण मेलेला फ्लॅप, म्हणजे खड्डा बुजवायला आणलेला तुकडा, जिवंत करणारं काही माझ्या कपाटात नाही आणि मोठ्या शहरातल्या कपाटातही नाही. फ्लॅप जगतो की मरतो हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या फार कंटाळवाण्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तर नातेवाइकांच्या हातात असतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक घोळ मिटवू. ग्राफ्ट आणि फ्लॅप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून पातळ सोललेली कातडी, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जखमेवर ठेवल्यावर पहिले दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जोडल्या जातात आणि चौथ्या पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडल्यावर गुलाबी दिसली की म्हणायचं धरली. पण उघड्या हाडावर, उघड्या टेंडनवर (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) नाहीतर प्लेट-स्क्रूवर ग्राफ्ट धरत नाही कारण खालून झिरपायलाच काही नसतं. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी, चरबी, कधी स्नायू असा आख्खा तुकडा, स्वतःच्या रक्तवाहिनीसकट. तो बाजूने फिरवून आणतात नाहीतर पूर्ण सुटा करून नव्या जागी मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक धाग्याने धमनी आणि शीर जोडतात, त्याला फ्री फ्लॅप म्हणतात. १९७३ साली मेलबर्नला टेलर आणि डॅनियल यांनी असा कातडीचा फ्री फ्लॅप पायावर करून दाखवला आणि मग आमचा सगळा धंदाच बदलला.

आता यात आपल्या पुण्याचा विषय येतोच आणि मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी, इंग्रज फौजेत बैल हाकायला होता, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, टिपूने त्याचं नाक आणि एक हात कापला. (नाव पारशी आणि जात शेतकरी, हे मला कायम खटकतं, साहेबाच्या कानाने काहीतरी भलतंच ऐकलं असावं.) वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नाक बसवून दिलं. मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकावर बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली पण दोन डोळ्यांच्या मधे एक बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, कातडी पिळून खाली नाकाच्या जागी आणली आणि कात पाण्यात कालवून त्याने चिकटवली. हो, पानातला तोच कात. टाके नाहीत. चार दिवसांनी कात काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, पाच-सहा दिवस उताणं झोपायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती मधली पट्टी कापायची.

पत्रात चक्क लिहिलंय की नवी जागा जुन्या जागेशी जुळेपर्यंत ही पट्टी रक्ताभिसरण चालू ठेवते. मी हे रेसिडेंट असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण आज आम्ही कपाळाचा फ्लॅप करतो तो याच जागेवर बेतून करतो, भुवईच्या आतल्या टोकाशी वर येणारी सुप्राट्रॉक्लियर धमनी त्या पट्टीत असते, आणि पट्टी कापतो ती साधारण तीन आठवड्यांनी. त्या माणसाला धमनीचं नाव माहीत नसणार, पण ती कुठे आहे आणि किती दिवस तिला हात लावायचा नाही हे त्याच्या घराण्याला पक्कं ठाऊक होतं. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार तेव्हा पेशव्यांच्या दरबारी चित्रं काढत होता, त्याने काढलेल्या कावसजीच्या चित्रावरून छापील चित्र निघालं. लंडनला जोसेफ कार्प्यू या सर्जनने हे वाचून १८१४ मध्ये पहिली केस केली आणि १८१६ ला पुस्तक छापलं, तिथून ते युरोपभर गेलं. आणि ज्या माणसाने ते केलं त्याचं नाव कोणीही लिहून ठेवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तर मुद्दा रक्ताचा. फ्लॅपचं टोक का मरतं हे मी नातेवाइकांना कालव्यावरून समजावते, आमच्याकडे सगळ्यांना ते लगेच कळतं. गेटजवळच्या शेताला पाणी पोचतंच, मरण असतं टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं. फ्लॅपचं मूळ म्हणजे गेट आणि टोक म्हणजे टेल. पूर्वी सर्जन लोक ठोकताळा लावायचे की फ्लॅपची लांबी रुंदीच्या अमुक पटीतच हवी, पायावर एकास एक, चेहऱ्यावर जरा सूट. म्हणजे लांब फ्लॅप हवा तर मूळ रुंद ठेवा. १९७० मध्ये मिल्टन या ब्रिटिश सर्जनने डुकरांवर प्रयोग करून हा ठोकताळाच चुकीचा आहे असं दाखवलं, रक्तपुरवठा सारखाच असेल तर रुंद फ्लॅपही तेवढ्याच लांबीपर्यंत जगतो जेवढा अरुंद जगतो. रुंदी वाढवून उपयोग तेव्हाच जेव्हा त्या वाढीव रुंदीत एखादी नवी वाहिनी आत येते. त्यानंतर लोक कातडीची मापं मोजायचं सोडून वाहिन्या शोधायला लागले. आता आम्ही ऑपरेशनच्या आधी हातातल्या छोट्या डॉप्लरने (वाहिनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) टुकटुक आवाज ऐकत कातडीवर पेनाने खुणा करतो आणि मग सुरी लावतो.

टोक वाचवायची सगळ्यात खात्रीची युक्ती मात्र जुनीच आहे, तिला डिले म्हणतात. फ्लॅपच्या बाजूच्या कडा कापायच्या, काही वाहिन्या मुद्दाम बांधायच्या, पण उचलायचा नाही, तिथेच परत शिवून ठेवायचा. आठवडा-दोन आठवडे त्याला अर्धपोटी ठेवायचं. एका वाहिनीचा इलाका संपतो आणि दुसरीचा सुरू होतो तिथे ज्या आकसलेल्या जोडवाहिन्या असतात त्या या उपासमारीत रुंद होतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त. मग उचलला की टोकापर्यंत रक्त जातं. पेशंटला हे पटवणं महाकठीण. "म्हणजे आज कापणार आणि काहीच करणार नाही? आणि बिल?" शुगरवाला, बिडी ओढणारा, घोट्याजवळची जखम आणि पोटरीचा उलटा सुरल फ्लॅप (पोटरीच्या मागचा तुकडा खाली घोट्याकडे वळवून आणलेला) असं सगळं एकत्र आलं की मी डिलेसाठी हट्ट धरते, भांडते पण.

औषधांबद्दल खरं सांगायचं तर उंदरांच्या पाठीवरचा फ्लॅप हा संशोधनातला फार लाडका विषय आहे. लांबडी पट्टी उचलायची, परत शिवायची, एका गटाला औषध द्यायचं, एकाला नाही, आणि काळं पडलेलं टोक मोजायचं. रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं, बोटॉक्स, प्लेटलेटचा अर्क, स्टेम सेल, उंदरांच्या पाठीवर या सगळ्यांनी फायदा दाखवलाय. माणसात त्यातलं फारच थोडं टिकलं. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्वतंत्र स्नायूचा थर असतो आणि त्याची जखम बऱ्याच अंशी आकसूनच भरते, आपली तशी नाही. मिल्टनने डुक्कर घेतलं ते उगाच नाही, त्याची कातडी आपल्यासारखी खाली बांधलेली असते. संशोधन होऊ दे, व्हायलाच पाहिजे, पण कोणी तुम्हाला स्टेम सेलचं पॅकेज सांगत असेल तर आधी तंबाखू सुटली का हे त्याने विचारलं होतं का ते बघा.

आता रात्रीचं. बहुतेक लोकांना वाटतं फ्लॅपला रक्त पोचलं नाही म्हणून तो जातो. पोचत नाही असं होतं कधी कधी, फ्लॅप पांढरा पडतो, गार लागतो, सुई टोचली तर रक्त येत नाही. पण जास्त वेळा भानगड उलटी असते, रक्त येतं आणि परत जात नाही. धमनी जाड भिंतीची असते, शीर मऊ, जरासा पीळ, जरासा दाब, खाली साठलेलं थोडंसं रक्त, एवढ्याने शीर बंद होते. मग फ्लॅप फुगतो, निळा-जांभळा होतो, बोटाने दाबून सोडला तर रंग झटकन परत येतो, इतका झटकन की नवीन रेसिडेंट खूश होऊन सांगतो मॅडम रिफिल एकदम मस्त आहे. तो मस्त नसतो, तो बुडत असतो. सुई टोचली की काळपट रक्त भळाभळा येतं. फ्री फ्लॅपमध्ये गडबड व्हायची असेल तर ती बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत होते, म्हणून दर तासाला बघायचं असतं आणि ते बघते रात्रपाळीची सिस्टर. चांगली सिस्टर म्हणजे फ्लॅपसाठी कुठल्याही मशिनपेक्षा जास्त, हे मी कुठल्याही स्टेजवर बोलायला तयार आहे. लवकर कळलं तर परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेऊन गुठळी काढून फ्लॅप वाचतो, सकाळच्या राऊंडला कळलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

त्यात आपली सावळी कातडी. पुस्तकातले गुलाबी आणि निळे रंग गोऱ्या लोकांचे असतात, आपल्याकडे रंग बघून ठरवायचं म्हणजे डोळे फोडून घेणं, त्यामुळे शंका आली की सुई टोचून बघायची. आणि रंग बघायचाच तर पांढऱ्या उजेडात, जिथून कातडी घेतली तिथल्या रंगाशी ताडून. रात्री दोनला पिवळ्या बल्बखाली काढलेला व्हॉट्सॲपवरचा फोटो बघून निर्णय घ्यायचा नाही, मी तर सरळ उठून जाते.

शीर तुंबली तर आधी साधे उपाय, ड्रेसिंग सैल करा, एक-दोन टाके कापा, मान-पाय सरळ करा, खाली रक्त साठलं असेल तर काढा. मूळच बंद झालं असेल तर ओटी. आणि कुठे काही जोडण्यासारखी शीरच नसेल, कापलेलं बोट किंवा कान असेल, तर जळवा. हसू नका. जळू स्वतः पिते ते एक ते तीन चमचे, खरा फायदा नंतरचा, तिच्या लाळेतल्या रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे चावलेली जागा तासन्‌तास झिरपत राहते आणि तुंबलेलं रक्त बाहेर पडत राहतं. नव्या बारीक शिरा तयार व्हायला पाच-सहा दिवस लागतात, तोवर वेळ काढायचा. १९८५ ला बोस्टनमध्ये जोसेफ अप्टन यांनी एका लहान मुलाचा तुटलेला कान जोडला आणि तो जळवांनी वाचला, तेव्हापासून पाश्चात्त्यांकडे जळूला परत मान आला. आपल्याकडे सुश्रुताने जळवांवर आख्खा अध्याय लिहिलाय, कुठली विषारी, कुठली बिनविषारी, कशी लावायची. पण म्हणून घरी कोणी लावू नका, जळूच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू असतात, अँटिबायोटिक चालू नसेल तर तेच फ्लॅप खातात, आणि हिमोग्लोबिन इतकं उतरतं की कधी कधी रक्त चढवावं लागतं.

नातेवाइकांच्या हातातलं म्हणाले ते हे. सुरल फ्लॅपचं मूळ पोटरीच्या मागे असतं आणि माणूस झोपतो उताणा, आणि मायेने कोणीतरी पायाखाली उशी सरकवतं, बरोब्बर मुळावर. मी सांगून जाते की पाय असाच लटकता आधारावर ठेवा, कशालाही टेकवू नका, सकाळी येऊन बघते तर मऊ गोधडीची घडी. गोधडी मऊ असली तरी दाबतेच हो मावशी. तोंडाच्या कॅन्सरमध्ये छातीवरचा फ्लॅप गळ्यातून वर घेतात, त्याची वाहिनी कॉलरबोनवरून जाते, त्यावर घट्ट पट्टी नको, श्वासाच्या नळीची नाडी गळ्याभोवती आवळायची नाही, तावीज-दोरा तात्पुरता काढून ठेवा, देव रागवत नाही. हात मांडीच्या सांध्याला शिवलेला ग्रॉइन फ्लॅप असेल तर तीन आठवडे माणूस तसाच अडकलेला असतो, जेवण भरवणं, लघवी, अंग पुसणं सगळं घरच्यांनाच करावं लागतं, झोपेत हात ओढू नये म्हणून रात्री कोणीतरी जागं लागतं. खोली गार नको. एसी बंद करायला सांगितला की प्रायव्हेट रूमवाले नाराज होतात, पण गारठ्याने वाहिन्या आकसतात.

आणि तंबाखू. सिगरेट सोडली म्हणून सांगणारा माणूस गायछाप मळत असतो, आणि बायकांना विचारलं तंबाखू खाता का तर नाही म्हणतात, खरंच वाटतं त्यांना नाही म्हणून, कारण त्या मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटीन तेच, कातडीतल्या बारीक वाहिन्या आवळणारं. धुरातून वर कार्बन मोनॉक्साइड जातो तो वेगळाच, रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर किमान चार आठवडे आधी बंद आणि जखम भरेपर्यंत बंद. आता मी तंबाखू खाता का असं विचारतच नाही, सकाळी दात कशाने घासता असं विचारते, उत्तर बरोबर मिळतं.

खाण्याचं तर विचारूच नका. भात दिला की पू होतो, डाळीने पू होतो, आंबट नको, वांगं नको, अंडं गरम पडतं, मग उरतं काय तर चहा-बिस्किट आणि मुगाचं पाणी. जखम भरते म्हणजे शरीर तिथे नवं कोलॅजन विणत असतं, त्याला प्रोटीन लागतं आणि व्हिटॅमिन सी लागतं, म्हणजे नेमकं तुम्ही बंद केलेलं वरण, अंडं आणि लिंबू. शुगर कंट्रोलमध्ये ठेवा आणि बाकी पोटभर खाऊ घाला. मटण चालतं का? चालतं. आणि जखम वरून भरली तरी आत काम वर्षभर चालू असतं, पुन्हा मूळ कातडीइतकी ताकद कधीच येत नाही, फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत, त्यामुळे तीन आठवड्यांत शेतावर जाऊ का याचं उत्तर नाही.

सगळं करूनही टोक काळं पडू शकतं. पडलं की घरात रडारड, दुसऱ्या डॉक्टरला फोटो, आणि कोणीतरी गँगरीन हा शब्द काढतो. वरचा थर काळा झाला म्हणजे खालचं सगळं मेलं असं नसतं, कित्येकदा खपली निघाल्यावर खाली चांगली लाल जमीन निघते. कोरडं असेल, वास नसेल, ताप नसेल, खाली हाड किंवा प्लेट उघडी पडत नसेल तर थांबायचं, मेलेलं आणि जिवंत यांच्यात स्पष्ट रेघ उमटू द्यायची आणि मगच कापायचं. ओलं, वास येणारं असेल तर मात्र थांबायचं नाही. उरलेल्या जखमेवर कधी व्हॅक्युमचं ड्रेसिंग लावतो, स्पंज आणि पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर दाबाचं सक्शन, अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी १९९७ मध्ये छापलेलं, त्याने जखम स्वच्छ राहते, खालची लाल जमीन लवकर तयार होते आणि बऱ्याचदा साध्या ग्राफ्टवर भागतं.

आणि ग्राफ्ट घेतला की पेशंट मूळ जखमेचं दुखणं विसरून मांडीसाठी ओरडतो, कारण सोललेल्या जागी मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. त्या जागेवर काय लावावं याचे दोन भारी देशी उपाय मुंबईतच निघालेत. डॉ. केसवानींनी भाजलेल्या जखमांसाठी बटाट्याची सालं गॉझवर चिकटवून ड्रेसिंग केलं होतं आणि सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेली केळीची पानं भाजलेल्यांवर आणि या मांडीच्या जागेवर वापरून त्याचे निष्कर्ष छापले. दोन्ही जखमेला चिकटत नाहीत, ड्रेसिंग बदलताना माणूस किंचाळत नाही आणि खर्च जवळपास शून्य. केळीची पानं आमच्या गावात ढिगाने मिळतात पण ती रीतसर निर्जंतुक करून ठेवायची शिस्त अजून बसलेली नाही, त्यामुळे सध्या पॅराफिन गॉझच (मेणचट जाळीची पट्टी) लावते, आणि ते आपोआप सुटेपर्यंत कोणी ओढायचं नाही, खाजलं तरी नाही.